चावी फिरवण्याआधी: मुलांच्या मदतीने पालकांच्या गाडी चालवण्याच्या सवयी कशा बदलाव्यात

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते. ठाण्यात आणि नवी मुंबईत शाळाशाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, घोषणा होतात, चित्रकला स्पर्धा होतात. त्यात वाईट काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचे हेल्मेट पुन्हा कोपरातच अडकवलेले असते. मुलाला नियम पाठ झालेले असतात. घरात नेमके काय, कधी आणि कोणत्या शब्दांत म्हणायचे, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते.

खालची पद्धत सहा आठवड्यांची आहे. शिक्षक, पालक-शिक्षक संघ किंवा एखादी मोठी सोसायटीसुद्धा ती राबवू शकते, आणि सुरुवात एका वर्गापासून केली तरी चालते. गाभा एवढाच: एका वेळी एकच सवय धरायची, मुलाने ती गाडी सुरू होण्याआधी आणि एकदाच मागायची, आणि बदल्यात मुलानेही काहीतरी द्यायचे.

पहिला आठवडा: फक्त मोजणी

पहिल्या आठवड्यात मुलांना काहीच शिकवू नका. फाटकापाशी मोजा. शाळा सातला भरत असेल तर ६.४० ते ७.०० अशी वीस मिनिटे, दोन दिवस. मंगळवार-बुधवार बरे, सोमवारी आणि शनिवारी गर्दीची तऱ्हा वेगळी असते. एक दिवस फक्त दुचाकी, दुसऱ्या दिवशी फक्त चारचाकी, कारण एकाच नजरेत दोन्ही मावत नाहीत. जोडीने काम करा: एकाने बघून बोलायचे, दुसऱ्याने पाच-पाचच्या रेघा मारायच्या.

दुचाकीच्या तक्त्यात चालवणाऱ्यासाठी चार रकाने लागतात: हेल्मेट घालून पट्टा लावलेला, हेल्मेट आहे पण पट्टा मोकळा, हेल्मेट आरशाला किंवा कोपरात, आणि हेल्मेटच नाही. शिवाय मुलाच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, ट्रिपल सीट आहे का, गाडी राँग साइडने आली का. चारचाकीत चालवणाऱ्याचा पट्टा, मूल पुढे बसले की मागे, मागच्या मुलाचा पट्टा, चालवणाऱ्याच्या हातात फोन. आणि एक रकाना ‘दिसले नाही’ असा ठेवाच. तो नसला की काचेआडचे न दिसलेलेही अंदाजाने भरले जाते आणि मोजणी फुकट जाते. हेल्मेटचा पट्टा धावत्या गाडीवर कळत नाही. गाडी थांबून मूल उतरते तेव्हाच बघायचा.

आठवी-नववीची मुले हे काम चोख करतात. मात्र ती शिक्षकांसोबत फाटकाच्या आत किंवा कुंपणामागे उभी राहतील. आरएसपीचा (शाळेतल्या रस्ता सुरक्षा पथकाचा) गणवेश आणि शिट्टी आहे म्हणून कुणालाही गाडी अडवायला रस्त्यावर पाठवू नका. घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडला लागून असलेल्या शाळांनी तर हे फार कसोशीने पाळायला हवे.

गाडीचा नंबर लिहायचा नाही, फोटो काढायचा नाही, कुणाच्या बाबांचे नाव घ्यायचे नाही. एका आईचा हेल्मेटशिवायचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला की उपक्रम तिथेच संपतो. ती आई दुखावते, तिचे मूल वर्गात मान खाली घालते, आणि बाकीचे पालक सावध होऊन गप्प बसतात.

मोजणीतून विषय ठरतो. सगळ्यात जास्त पट्टे मोकळे दिसले तर विषय पट्टा. राँग साइडने येणारे जास्त असले तर तो विषय मुलांकडे देऊच नका. त्याचे कारण पुढे आहे.

कोणत्या इयत्तेला काय द्यावे

पहिली ते चौथीला डोळ्यांना दिसणारी आणि आवाज होणारी गोष्ट द्या: हेल्मेटचा पट्टा, गाडीतला पट्टा. ‘टक्’ वाजले की झाले, एवढे सहा वर्षांच्या मुलालाही कळते. पाचवी ते सातवीला गाडी चालवतानाचा फोन हा विषय. आठवीपुढे वेग, आणि त्याच्याच जोडीला मुलांचा स्वतःचा प्रश्न: क्लासला जायला स्कूटी मागणे.

या शेवटच्या विषयावर पालकांशीच स्पष्ट बोलावे लागते. ‘सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते की’ हे उत्तर हमखास येते. मिळते ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचे. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर १०० ते १२५ सीसीच्या आहेत, त्यांना अठरा पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचे होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. शेवटचा मुद्दा दहावीच्या मुलांना दंडाच्या आकड्यापेक्षा जास्त लागतो.

दुसरा आठवडा: मैदानावरचा तास

अपघाताचे फोटो, रक्त, रडणारी कुटुंबे मुलांना दाखवू नका. लहान मुले आई कामावर निघाली की धास्तावतात, आणि मोठी माणसे ‘पोराला घाबरवलं’ म्हणून उलट चिडतात. त्याऐवजी अंतर दाखवा. तीस मीटरची मोजपट्टी, खडू किंवा फक्की, आणि एक घड्याळ पुरते.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर काही आले हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी तेवढी ११ मीटर जातेच. मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी साधारण ९. मैदानावर शून्य, ११ आणि २० मीटरवर रेघा मारा. शून्यावर ‘मूल रस्त्यात आले’, ११ वर ‘ब्रेक दाबला’, २० वर ‘थांबली’. आता ताशी ६० साठी दुसऱ्या रंगाने १७ आणि ३६ मीटरवर रेघा मारा. वेग दीडपट झाला, अंतर मात्र जवळजवळ दुप्पट झाले, हे मुले चालून पाहतात तेव्हा ते डोक्यात बसते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, हे आठवीला गणितातच करून घ्या. पावसात, ओल्या रस्त्यावर, ब्रेकचा टप्पा दीडपट ते दुप्पट होतो. तीही रेघ ओढून ठेवा. मैदान लहान असेल तर ३० आणि ४० ची तुलना करा: ३० ला सगळे मिळून १३ मीटर लागतात.

फोनसाठी एका कार्डावर साधा निरोप लिहा: ‘उद्या सकाळी आठला येशील का? येताना दूध, ब्रेड आणि आजोबांची औषधे आण.’ एका मुलाने तो मनात वाचायचा, दुसऱ्याने वेळ मोजायची. चार सेकंद लागले तर चाराला ११ ने गुणा: ४४ मीटर. एनएमएमटीच्या (नवी मुंबई महापालिकेच्या) जवळजवळ चार मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढे अंतर बाबांनी रस्त्याकडे न बघता कापले. हा हिशोब मुले घरी जाऊन न विसरता सांगतात, कारण आकडा त्यांनी स्वतः काढलेला असतो.

वेळेचाही हिशोब करून घ्या. शाळा पाच किलोमीटरवर असेल आणि रस्ता पूर्ण मोकळा मिळाला, तरी ४० ऐवजी ६० ने गेल्यावर वाचतात अडीच मिनिटे. कापूरबावडीच्या किंवा तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभे राहिले की तीही जातात.

हेल्मेट आणि पट्टा हाताळून बघणे

वर्गात शिंप्याची टेप आणा. भुवयांच्या वर दोन बोटे, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून घेर मोजा. ५४ सेंटिमीटर आला तर हेल्मेटवर ५४० हा आकडा शोधायचा. आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट १ जून २०२१ पासून देशात विकताच येत नाही. रस्त्याकडेला मिळणारी हलकी टोपी घेऊ नका. मुलाला ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून दोन नंबर मोठे हेल्मेट घेणे ही नेहमीची चूक आहे. असे हेल्मेट ब्रेक लागताच डोळ्यांवर येते आणि पडल्यावर डोक्यावर राहत नाही.

घातल्यावर तीन गोष्टी बघा. पट्टा मोकळा ठेवून डोके हलवले तर हेल्मेट गालांसकट हलले पाहिजे, वेगळे फिरता कामा नये. पट्टा लावून हनुवटीखाली दोनच बोटे जायला हवीत. मागून वर ढकलले तर ते डोक्यावरून निघता कामा नये. उंच बांधलेली पोनी किंवा केसांचा मोठा चाप असला की हेल्मेट वर तरंगते. शाळेला निघताना केस मानेजवळ बांधायचे. पावसाळ्यात रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घालतात, त्याने पकड सुटते आणि बाजूचे दिसत नाही. टोपी पाठीवर सोडा.

कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगतो. त्याहून लहान, नऊ महिन्यांपासूनच्या मुलाला १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा हार्नेस लागतो, आणि वेग ताशी ४० च्या आत. धाकट्याला पुढे टाकीवर उभे करून नेणाऱ्या पालकांना हे माहीतच नसते.

चारचाकीत मूल मागेच. सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज मांडीवर बसवण्याचा आहे. वीस किलोचे मूल, गाडी ४० च्या वेगात, आणि धडकेत ती एक दशांश सेकंदात थांबली, तर त्या मुलाला धरून ठेवायला दोनशे किलोहून जास्त वजन पेलण्याइतकी ताकद लागेल. कुठल्याच आईच्या हातांत ती नसते, माया कितीही असली तरी. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर कलम १९४ब प्रमाणे दंड चालवणाऱ्याला होतो. पट्टा खांद्याच्या मध्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जायला हवा. मानेला किंवा पोटाला येत असेल तर उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर सीट हवीच. मागच्या सीटवर मोठ्यांनाही पट्टा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे पट्ट्याविना बसलेले दोघे गेले आणि पुढचे दोघे वाचले. आजी-आजोबा ‘मागे कशाला पट्टा?’ म्हणाले की पालकांनी हे सांगावे. मुलांच्या तोंडी देऊ नये.

तिसरा आठवडा: दोन्ही बाजूंचा करार

अर्धा कागद पुरतो. मजकूर असा:

मी ____ (आई / बाबा / आजोबा / मामा) शाळेत सोडताना आणि आणताना ही एक गोष्ट रोज करीन: ____
मी ____ (विद्यार्थी) त्यासाठी हे करीन: ____
पुढच्या ____ वारी आम्ही यावर पुन्हा बोलू.

मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहायचे. ‘वाहतुकीचे नियम पाळीन’ असे लिहून आले तर चालत नाही; ‘जिना उतरल्यावर पार्किंगमध्येच हेल्मेटचा पट्टा लावीन’, ‘फोन डिकीत ठेवीन’ असे हवे. ऐरोली, खारघर, कोपरखैरणे भागांत वर्गात अनेक भाषांची घरे असतात, म्हणून कागद मराठीबरोबर हिंदीतही छापा. ज्याला लिहिता येत नाही त्याचे मुलाने लिहायचे, त्याने सही किंवा अंगठा द्यायचा.

खरे काम दुसरी ओळ करते. सकाळी गाडी पळवली जाते ती बहुतेक उशिरामुळे, आणि उशीर बऱ्याचदा मुलामुळेच झालेला असतो: मोजा सापडत नाही, वहीवर सही राहिली, बाटली भरली नाही. म्हणून मुलाने लिहायचे ते असे: ‘दप्तर, बूट, बाटली आणि आयकार्ड रात्री नऊच्या आत दाराशी ठेवीन’, ‘पाऊण तास आधी एका हाकेत उठेन’. मुलाने दहा मिनिटे मिळवून दिली की ‘बाबा, सावकाश’ म्हणायचा हक्क त्याला आपोआप येतो, आणि बाबांनाही तो मान्य होतो. ही ओळ वगळली तर उरतो तो मोठ्यांना दिलेला उपदेश, आणि लहानांचा उपदेश आपल्या घरांत फार दिवस टिकत नाही.

कागद फ्रिजवर लावू नका. तिथे तो चार दिवसांत दिसेनासा होतो. चाव्या अडकवतो त्या खिळ्याशेजारी लावा.

मुलाने काय म्हणायचे

वर्गात हे बोलून सराव करून घ्या, जोड्या लावून, एकाने आई व्हायचे. वाक्य छोटे आणि प्रश्नार्थी असावे: ‘आई, पट्टा लागला?’ ‘बाबा, फोन माझ्याकडे देता?’ ‘असं करायचं नसतं’, ‘पोलीस पकडतील’, ‘आमच्या बाईंनी सांगितलंय’ ही वाक्ये काढून टाका. पहिल्याने मोठा माणूस दुखावतो, दुसऱ्याने पोलीस नसलेला रस्ता शोधतो, तिसऱ्याने बाईंवर चिडतो.

वेळ ठरलेली: चावी फिरवण्याआधी. चालत्या दुचाकीवर मागून खांदा हलवणे, ओरडणे, शर्ट ओढणे अजिबात नाही. त्याने तोल जातो. काही राहून गेले तर उतरल्यावर किंवा संध्याकाळी बोलायचे. आणि एकदाच म्हणायचे. बाबांनी ऐकले नाही, तरी मुलाचे काम तिथे पूर्ण झाले. शिक्षकांनी हे वर्गात दोनतीनदा स्वच्छ सांगावे, कारण हळवी मुले ‘बाबांनी ऐकलं नाही, माझंच चुकलं’ असे मनाला लावून घेतात.

फोन वाजला तर चारचाकीत मूल उचलून म्हणू शकते, ‘बाबा गाडी चालवतायत, पोचल्यावर फोन करतील.’ दुचाकीवर फोन निघण्याआधीच डिकीत किंवा दप्तरात.

जिथे हात राखून वागायचे

रिक्षा चालवणारे, टेम्पोवाले, घरपोच सामान देणारे यांची मुले वर्गात असतातच. त्यांच्या वडिलांना फोन बाजूला ठेवणे परवडत नाही, पोटच त्यावर आहे. अशा घरासाठी करारातली ओळ बदला: फोन स्टँडवर, रस्ता फोनच्या आवाजावरून ऐकायचा, ऑर्डर बघायची ती गाडी कडेला घेऊनच. त्यांच्याकडून वर्गाने शिकण्यासारखेही पुष्कळ असते; दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या एखाद्या रिक्षाचालक बाबांना ‘शाळकरी मुलं रस्त्यात काय चुकतात?’ यावर दहा मिनिटे बोलायला बोलवा.

घरी गाडी नसलेल्या मुलांना वगळू नका. टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बसने किंवा चालत येणारी मुले रस्ता ओलांडण्याचा करार करतील, रिक्षाने येणारी चौथी सीट नाकारण्याचा. शाळेच्या व्हॅनच्या काकांना मात्र मुलांनी काही सुनावायचे नाही. मुलांनी वर्गशिक्षकांना सांगायचे, आणि विषय परिवहन समितीत न्यायचा. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली ही समिती असते.

दारू पिऊन गाडी चालवण्याचा विषय मुलाच्या अंगावर कधीही टाकू नका. तिथे मुलाने समजूत घालायची नसते. त्याने न बसता दुसऱ्या मोठ्या माणसाला फोन करायचा असतो. मावशी, शेजारच्या काकू, वर्गशिक्षिका असे दोन नंबर प्रत्येक मुलाला पाठ हवेत. आणि कोरा परत आलेला कागद वर्गात कुणाला दाखवू नका, का कोरा हेही चारचौघांत विचारू नका.

शाळेने स्वतः करायचे

शिक्षक, शिपाई आणि लिपिक आधी हेल्मेट घालून फाटकातून आत येऊ देत. सर कोपरात हेल्मेट घेऊन आले की मुलांना कळायचे ते कळते.

राँग साइडचा मुद्दा इथला आहे. वळायला दुभाजकातला पुढचा कट लांब असेल, फाटकासमोर दोन रांगांत गाड्या उभ्या असतील, तर पालक उलटे येतातच, आणि तिथे मुलाच्या विनंतीने काही हलत नाही. फाटकापासून दीडेकशे मीटर अलीकडे, योग्य दिशेला, उतरण्याची जागा ठरवा. तिथून फाटकापर्यंत शिक्षक आणि पालक स्वयंसेवक मुलांना चालत आणतील. बरोबर दिशेने येण्याचा नकाशा काढून प्रत्येक घरी पाठवा. प्राथमिक आणि माध्यमिकच्या सुटण्यात पंधरा मिनिटांचे अंतर ठेवा. झेब्रा पट्टे, गतिरोधक, फलक यांसाठी महापालिकेला, आणि गर्दीच्या वेळी पोलीस मिळावा म्हणून ठाणे किंवा नवी मुंबई पोलिसांच्या वाहतूक शाखेला मुख्याध्यापकांच्या सहीने पत्र द्या. सोबत पहिल्या आठवड्याची मोजणी जोडा. ‘फार गर्दी होते’ या तक्रारीपेक्षा वीस मिनिटांत उलट्या दिशेने किती गाड्या आल्या, हा आकडा पत्राला वजन देतो.

पालकसभेत यासाठी पंधरा मिनिटे पुरेत. वर्गाचा एकत्रित आकडा सांगा, करार समजावून द्या, टेप आणि दोन नमुन्याची हेल्मेट टेबलावर ठेवा. भाषण नको.

चौथा ते सहावा आठवडा

दर शुक्रवारी पाच मिनिटे. ‘कुणाच्या आईने पट्टा लावला?’ असे विचारून हात वर करायला लावू नका. मुले खोटे बोलतात, आणि दोष त्यांचा नसतो. चारचौघांत घराची लाज राखायची असते. त्याऐवजी ‘या आठवड्यात तुम्ही वेळेवर तयार झालात का?’ एवढे विचारा. ते उत्तर त्यांच्या हातात असते. बक्षिसे, चांदण्या, ‘सर्वोत्तम पालक’ वगैरे टाळा.

सहाव्या आठवड्यात तेच वार, तीच वीस मिनिटे, तेच रकाने घेऊन पुन्हा मोजा. पहिली मोजणी कोरड्या दिवशी झाली असेल तर दुसरीही कोरड्याच दिवशी करा. पावसात दुचाकीवर येणारे बदलतात आणि आकड्यांची तुलनाच होत नाही. त्यामुळे जूनमध्ये शाळा सुरू झाल्याझाल्या घाई करण्यापेक्षा गणपतीनंतर सुरू करून दिवाळीच्या सुट्टीआधी संपवणे सोपे पडते. सुट्टीनंतर सवय ढिली होते, म्हणून नोव्हेंबरअखेर आणि जानेवारीत एकेकदा मोजा.

आकडा हललाच नाही तर आधी करारांचे कागद काढून वाचा. ‘काळजी घेईन’, ‘हळू चालवीन’ अशी मोघम वाक्ये जास्त दिसली तर नेमके काय ते पुन्हा लिहून घ्या. वाक्ये नेमकी असूनही पट्टे मोकळेच असतील, तर हेल्मेट मापाचे नसण्याचा संभव मोठा. त्या वर्गाच्या पालकांना एका शनिवारी हेल्मेट घेऊनच बोलवा आणि एकेकाचे बघा.